आमची बिल्डरकी

आमच्या बैठकीच्या खोलीत एक रिकामा खिळा आहे. १९९८ साली नागभीडला घर बांधलं तेव्हा मी तो स्वतः ठोकला, आणि अख्ख्या घरात माझ्या हातून झालेलं तेवढं एकच काम सरळ झालं. त्या खिळ्यावर आदर्श शिक्षक पुरस्काराची चौकट लागणार होती. पुरस्कार दरवर्षी कोणाला ना कोणाला मिळत गेला आणि मी दरवर्षी त्याच्या सत्कारात आभारप्रदर्शन करत गेलो. तेहतीस वर्षं गणित शिकवून निवृत्त झालो तेव्हा शाल, श्रीफळ आणि भिंतीवरचं घड्याळ मिळालं. घड्याळ पहिल्याच पावसाळ्यात बंद पडलं. श्रीफळाची चटणी झाली. शाल खिळ्याला लटकवून पाहिली, तर पाहुणे तिला हात पुसू लागले.

खिळा मोकळाच राहिला. झाडझूड करताना सौभाग्यवती एकदा त्याच्याकडे बघते आणि एकदा माझ्याकडे. बोलत काही नाही. तेहतीस वर्षं वर्गात बोलून जे साधलं नाही ते तिला एका नजरेत साधतं.

अशात दिवाळीला मिशिगनच्या भाच्याचा व्हिडिओ कॉल आला. त्याच्या मागं भिंतीवर एक चौकट झळकत होती. आत सोनेरी शिक्का, खाली सही. हा पोरगा लहानपणी सुटीत आमच्याकडे यायचा तेव्हा याला बादली कुठून धरायची ते कळत नव्हतं.

"हे काय रे मागं?"

"लायसन, मामा. रेसिडेन्शियल बिल्डरचं. शनिवार-रविवार जुनी घरं घेऊन दुरुस्त करतो आता. इकडं कोणी उठून लोकांची घरं बांधू शकत नाही. साठ तासांचा कोर्स करावा लागतो, मग परीक्षा. एक पेपर धंद्याचा नि कायद्याचा, एक बांधकामाचा."

"आणि सुटलास?"

"सुटलो म्हणजे? फ्रेम बघा ना!"

मी फ्रेम बघितली. मग आमचा खिळा बघितला. आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "मीसुद्धा घेतोय बिल्डरचं लायसन."

स्वयंपाकघरातून भांडं पडल्याचा आवाज आला. नंतर ती दारात आली. "आधी आपल्या न्हाणीचं पाणी नीट जाऊ द्या. मग जगाची घरं बांधा."

याला इतिहास आहे. घर बांधताना न्हाणीघराच्या फरशीचा उतार मी स्वतः गणित करून दिला होता. गणित अचूक होतं, फक्त अधिकच्या जागी उणे धरलं गेलं. त्यामुळे गेली सव्वीस-सत्तावीस वर्षं आमच्याकडे कोणीही आंघोळ केली की पाणी मोरीकडे न जाता भाजी चिरत बसलेल्या माणसाकडे येतं. हिनं उंबरठ्यावर सिमेंटचा बांध घातला आहे. धानाच्या बांधीला घालतात तसा. रोवणा तेवढा व्हायचा राहिलाय.

पण शब्द गेला होता, आणि तो सातासमुद्रापार गेला होता.

तसा मुद्दा अगदीच हवेत नव्हता. स्टेशनाच्या अंगाला माझा १४० चौरस मीटरचा एक प्लॉट आहे. नागपूरची छोटी गाडी २०१९ साली बंद झाली आणि त्या जागी मोठी लाईन टाकायचं ठरलं, तेव्हापासून गावात ज्याच्याकडे म्हणून मोकळी जागा आहे तो माणूस भाड्याच्या खोल्या बांधायच्या विचारात आहे. लाईन १०६ किलोमीटरची आहे. खोल्यांचे विचार एकापुढे एक लावले तर नागपूर ओलांडून रामटेकला जातील. मीही दोन खोल्या काढायच्या म्हणत होतो. आता नुसत्या खोल्या काढायच्या नव्हत्या, बिल्डर होऊन काढायच्या होत्या.

दुसऱ्या दिवशी मी एका कार्यालयात गेलो. कोणतं ते सांगत नाही. उन्हाळ्यात त्याच बाकावर, त्याच पंख्याखाली बसायचं आहे.

"बिल्डरचं लायसन पाहिजे," मी म्हणालो.

खिडकीतल्या बाबूनं चष्मा वर केला. "बिल्डरचं लायसन नसते सर."

"नसतं म्हणजे?"

"म्हणजे नसते. बंदुकीचं असते. दारूचं असते. बिल्डरचं नसते."

दारूचं नाव निघताच रांगेतल्या दोघांनी आदरानं मान हलवली. आमच्या चंद्रपूर जिल्ह्यात २०१५ ते २०२१ दारूबंदी होती, त्यामुळे परवाना या शब्दाला काय वजन असतं ते इथल्या माणसाला शिकवावं लागत नाही.

"मग बिल्डर व्हायला काय लागतं?" मी चिकाटी सोडली नाही.

बाबूनं बराच विचार केला. "पैसे लागतात," तो म्हणाला.

माणूस भला होता. चहा सांगून त्यानं मला सगळं समजावलं. महारेरा म्हणून जे आहे, १ मे २०१७ पासून, तिथं नोंदणी प्रकल्पाची होते. गिऱ्हाइकांकडून आलेल्या पैशातले सत्तर टक्के वेगळ्या खात्यात ठेवावे लागतात, हिशेब द्यावा लागतो, सगळं चोख. पण बिल्डर किती शिकला, त्याला विटेची कोणती बाजू वर ठेवतात ते कळतं का, असा पेपर त्याला कोणी घालत नाही. आणि जमीन ५०० चौरस मीटरच्या आत असेल किंवा घरं आठापेक्षा जास्त नसतील, तर प्रकल्पाचीही नोंदणी नको.

"माझी १४० आहे," मी म्हणालो.

"मग तुम्ही कायद्याच्या चाळणीतून खाली पडले सर. बारीक रेतीसारखे."

"पण बांधकामाची परवानगी तरी असेल ना? तिच्यावर शिक्का असतो. मोठा?"

त्यानं २०२० सालची एकात्मिक विकास नियंत्रण नियमावली काढली. नाव वाचेस्तोवर चहा निवला. तिच्यात म्हटलं होतं की १५० चौरस मीटरपर्यंतच्या प्लॉटवर साधं घर बांधायचं तर कागदपत्रं आणि नकाशा द्या, शुल्क भरा, आणि जी पावती मिळेल तीच परवानगी समजा.

सरकारनं गरिबाचा त्रास कमी केला होता. मला रडू यायचं बाकी होतं. तळहाताएवढी पावती कोणी सोनेरी चौकटीत लावतं का? दहा मीटरनं हुकलो होतो. प्लॉट जरा मोठा असता तर मला चार हेलपाटे पडले असते, दोन त्रुटी निघाल्या असत्या, आणि भिंतीवर लावायला काहीतरी हाती आलं असतं.

"नकाशावर सही मात्र लायसनवाल्याची आणा," बाबू जाताजाता म्हणाला.

मी उभ्या उभ्या वळलो. "म्हणजे लायसन आहे!"

"ते बिल्डरचं नाही सर. सुपरवायझरचं. सिव्हिलचा डिप्लोमा आणि दोन वर्षांचा अनुभव. नाहीतर आयटीआयचा ड्राफ्ट्समन आणि पाच वर्षं."

"बीएस्सी बीएड चालेल?"

"नाही."

"तेहतीस वर्षं फळ्यावर आयत काढलेत मी. वृत्तचिती काढलीय. एकदा शंकूसुद्धा."

"खडूचा अनुभव धरत नाहीत," तो म्हणाला, आणि पुढच्या माणसाला हाक मारली.

घरी येऊन मी मिशिगनचं आणि आपलं कोष्टक मांडून पाहिलं. तिकडे घर बांधणाऱ्याला साठ तास बसवून पेपर घेतात. इकडे नकाशा काढणाऱ्याला लायसन लागतं. घर विकून देणाऱ्या दलालाला परीक्षा लागते. गवंड्याला प्रमाणपत्राचा कोर्स निघालेला आहे. विटा वाहणाऱ्या मजुराला नव्वद दिवस काम केल्याचा दाखला लागतो. आणि या सगळ्यांच्या मधोमध, पांढरे कपडे घालून, हातात मोबाईल घेऊन जो उभा असतो त्याला काहीच लागत नाही. जगात मला एवढी एकच जागा अशी मिळाली होती की जिथं माझी पात्रता पहिल्या दिवसापासून पूर्ण होती. आणि तिचंच सर्टिफिकेट मिळत नव्हतं.

मी दलालाकडे वळलो. म्हणजे दलालाच्या परीक्षेकडे. महारेरानं एजंटांना वीस तासांचं प्रशिक्षण आणि परीक्षा लावली आहे. वयाची अट आड येत नव्हती. पहिली परीक्षा २० मे २०२३ ला झाली आणि तिला बसलेल्या ४२३ जणांतले ४०५ पास झाले. हा आकडा वाचून माझा उत्साह मावळला. निकाल शहाण्णव टक्के! असल्या परीक्षेत पास झालो तर कोणी विचारणार नाही आणि नापास झालो तर गाव सोडावं लागेल. मी स्वतः आयुष्यभर गणितात पोरं नापास केली, पण त्या अठरा जणांबद्दल मला जो जिव्हाळा वाटला तो माझ्या एकाही विद्यार्थ्याबद्दल वाटला नव्हता.

मधल्या काळात हिनं एक आशा लावून धरली होती ती मजुराच्या नोंदणीची. इमारत बांधकाम कामगारांच्या कल्याणकारी मंडळाकडे नाव नोंदलं की भांड्यांचा संच मिळतो. तीस नग. ताटं, वाट्या, परात, कढई, सात खणांचा मसाल्याचा डबा आणि पाच लिटरचा कुकर. आमच्या आळीत संच आला तेव्हापासून इतक्या लोकांना आपण मूळचे बांधकाम मजूर असल्याची आठवण झाली आहे की या हिशेबानं नागभीडमध्ये एव्हाना दहा मजली इमारती दिसायला हव्या होत्या.

"नाव नोंदवा ना," ही म्हणाली. "तुम्ही बांधलंच आहे की हे घर. न्हाणी दाखवू आपण पुरावा म्हणून."

नोंदणी होती अठरा ते साठ. मी एकसष्ट. कुकर एका वर्षानं गेला.

तरी रांग बघायला म्हणून गेलो, आणि तिथं आमचा मिस्तरी भेटला. आमचा म्हणजे गावातल्या अर्ध्या लोकांचा. जवळच्या खेड्यातून सायकलनं येतो. तीस वर्षं झाली थापी धरून. आठवीत माझ्या वर्गात होता आणि गणितात मीच त्याला नापास केला होता. त्यानंतर तो शाळेत आला नाही, सेंट्रिंगवर गेला. मला कुठेही दिसला की अजून विडी मागं लपवतो.

त्याचा अंगठा मशीनवर ठेवत होते. मशीन घेत नव्हतं. पुसून ठेवला, ओला करून ठेवला, दुसरं बोट ठेवलं. तीस वर्षं सिमेंटमध्ये राहून त्याच्या बोटांवरच्या रेषाच गेल्या होत्या. अंगठा कसा, घोटून काढलेल्या सिमेंटच्या ओट्यासारखा गुळगुळीत. त्याच्या मागं किराणा दुकानाचा एक मालक उभा होता. त्यानं अंगठा टेकवला न टेकवला तोच मशीननं टुन्न केलं.

"त्याचा कसा घेतला गा?" मी बाहेर आल्यावर विचारलं.

"त्यायच्या बोटाले पोत हाये जी," मिस्तरी म्हणाला. "आमचं फिनिशिंग झालं."

असं बोलून तो हसला. मग म्हणाला, "आयकलं का तुमी बिल्डर होऊन रायले?"

गावात बातमी आधी पोचते, गाडी नंतर.

पुढचा प्रसंग मी गाळणार होतो, पण ही हे छापून आल्यावर वाचणार आहे आणि मग गाळलेलं तोंडी सांगत फिरेल. त्यापेक्षा आपणच सांगितलेलं बरं. मी ठरवलं की कागद मागून येईल, काम सुरू करावं. पायाची आखणी करायला मिस्तरी कशाला? आयत आखायचा आहे. आयत हा माझा प्रांत. पुसातल्या थंडीत एका पहाटे टेप, खुंट्या, सुतळी आणि चुन्याची फक्की घेऊन प्लॉटवर गेलो आणि उकिडवा बसून आखू लागलो. समोरून फिरायला निघालेले एक ओळखीचे गृहस्थ लांबूनच ओरडले, "वाकून बसू नका सर! वाघाला वाकलेला माणूस जनावरासारखा दिसतो!" आमच्या ब्रह्मपुरी वनविभागात हा विनोद नसतो. मी ताडकन उभा राहिलो. पायात सुतळी अडकली, एक खुंटी उपटली गेली. ती अंदाजानं परत ठोकली. उरलेली आखणी मी उभ्यानंच, दर दोन मिनिटांनी मागं बघत पूर्ण केली.

ऊन्ह वर आल्यावर मिस्तरी आला. चुन्याच्या रेषांभोवती एक चक्कर मारली. मग दुसरी.

"गुर्जी, हे खोली हाये का पतंग?"

"आयत आहे तो. समोरासमोरच्या बाजू सारख्या आहेत, मोजून बघ."

"बाजू सारख्या हायेत जी. कोपरा पायजे ना पन."

त्यानं सायकलच्या पिशवीतून सुतळीचा गुंडा काढला. कोपऱ्याच्या खुंटीपासून एका बाजूला तीन फूट मोजून सुतळीला गाठ मारली. दुसऱ्या बाजूला चार फुटांवर दुसरी गाठ. मग गुडघा टेकून दोन गाठींच्या मध्ये तिरपा टेप धरला, एक डोळा मिटला आणि म्हणाला, "पाच पायजे. पाच फूट चार इंच येऊन रायले. चार इंच कोपरा फाकला." उठला, लांबची खुंटी काढून हातभर अलीकडे घेतली, हातोडीनं एक टोला दिला. परत मोजलं. "दोन सूत." पोराच्या टाळक्यात टप्पल मारावी तशी खुंटीला एक टप्पल. "आता झाला गुन्या. मोठी खोली असली का मी सहा-आठ-दहा घेतो. चुकी कमी येते."

मी गप्प उभा. काटकोन त्रिकोणात कर्णाचा वर्ग हा उरलेल्या दोन बाजूंच्या वर्गांच्या बेरजेइतका असतो, हे मी तेहतीस वर्षं ओरडून सांगितलं. एकदाही जमिनीवर करून पाहिलं नव्हतं.

"मिस्तरी," मी शेवटी विचारलं, "तुला मी आठवीत कशात नापास केलं होतं रे?"

"गनितात."

"ते माहीत आहे. कोणत्या प्रश्नात?"

तो विडी शोधू लागला. मग माझ्याकडे बघून परत ठेवली. "ह्याच्यातच जी. पायथागोरस म्हून कोनतरी होता."

त्या दिवसापासून बिल्डर मी आणि बांधणारा तो, अशी वाटणी झाली. बिल्डरचं काम काय असतं ते मला तेव्हा कळलं. मोबाईलवर "हो, माल येतोय" असं म्हणायचं, आणि माल येत नाही. तीन ब्रास रेती सांगितली तर ती यायला तेरा दिवस लागले, कारण घाट, लिलाव, रॉयल्टीची पावती आणि ट्रॅक्टरवाल्याच्या मेहुण्याचं लग्न. आली तेव्हा ब्रास म्हणजे शंभर घनफूट हे गणित मी ट्रॅक्टरवाल्याला घालून दाखवलं. त्यानं आदरानं ऐकलं, आणि ट्रॉली जितकी भरायची तितकीच भरून आणली. नकाशाची एक प्रत शेळीनं खाल्ली. दुसऱ्या प्रतीवर सेंट्रिंगच्या पोरांनी भाकर खाल्ली. सिमेंटच्या पोत्यांवर झाकायला दिलेली ताडपत्री मंडईच्या नाटकात बसायला गेली ती चार दिवसांनी शेंगांच्या फोलपटांसकट परत आली.

मंडईचं सांगायला हवं. दिवाळीनंतर आमच्या झाडीपट्टीत गावोगावी मंडई भरते आणि रात्रभर नाटकं चालतात. पडदा उजाडता पडतो. त्या दिवसांत सकाळी साइटवर जो माणूस विटेवर वीट ठेवताना दिसतो तो झोपेत असतो. दोन थर सरळ चढतात आणि तिसऱ्याला खलनायक आठवतो.

आणि ऐन या गडबडीत मिस्तरी म्हणाला, "गुर्जी, मी पंचेचाळीस दिवस येत नाई. ट्रेनिंगले चाललो."

"कसलं ट्रेनिंग?"

"गवंडीकामाचं."

मला वाटलं तो शिकवायला चाललाय. तर नाही, शिकायला. गावाकडच्या घरकुलांसाठी गवंडी तयार करायचं सरकारी प्रशिक्षण असतं. पंचेचाळीस दिवस खऱ्या घरकुलावरच काम, पंचवीस चौरस मीटरचं घर उभं करायचं, शेवटी बाहेरचा परीक्षक येऊन परीक्षा घेतो आणि पास झालेल्याला प्रमाणपत्र.

"तुला काय गरज? तीस वर्षं झाली तुला!"

"तीस वर्साचा कागद कोठी हाये जी माझ्यापाशी?"

याला उत्तर नव्हतं. मी तर त्याच कागदासाठी गावभर हिंडत होतो.

ट्रेनिंगवरून तो संध्याकाळी माझ्याकडे यायचा, कारण परीक्षेत तोंडी विचारतात आणि तोंडी म्हटलं की त्याला आठवी आठवते. आमच्या ओसरीवर शिकवणी सुरू झाली. मी विचारायचो, तो सांगायचा, आणि दहातले नऊ वेळा मी वहीत लिहून घ्यायचो. सिमेंटच्या कामाला पाणी किती दिवस मारायचं. नळीत पाणी भरून लेव्हल घेताना बुडबुडा राहिला तर काय होतं. ("घर बुडते.") ट्रेनिंगवरचा पोरगा शिकवायला चांगला होता म्हणे. वयानं याच्या निम्मा. कुठं अडला तर यालाच बाजूला घेऊन विचारायचा.

एका संध्याकाळी मी ज्ञान पाजळलं. म्हटलं, पावणेचार हजार वर्षांपूर्वी बाबिलोनमध्ये हम्मुराबी नावाचा राजा होता. त्याचा कायदा असा, की घर पडून मालक मेला तर घर बांधणाऱ्याला ठार मारायचं.

मिस्तरीनं खूप वेळ विचार केला. "मंग त्याच्याकडं स्लॅब कोन टाकत असन जी?"

दुसऱ्या एका संध्याकाळी त्याचा धीर सुटला होता. आपल्याकडून सर्टिफिकेट होणार नाही म्हणाला. मी त्याला दादाजी खोब्रागडे सांगितले. आमच्याच तालुक्यातल्या नांदेड गावचे. शाळा तिसरीपर्यंत. १९८३ साली पटेल-३ धानाच्या बांधीत त्यांना वेगळ्या लोंब्या दिसल्या. त्या निवडून, जपून त्यांनी जो तांदूळ काढला तो आज लोक एचएमटी म्हणून खातात. नाव पडलं ते घड्याळावरून. "त्यांना कोणी लायसन विचारलं होतं का?" मी म्हणालो.

"नसन विचारलं," तो म्हणाला. "पन बक्षीस द्याच्या टायमाले कागदच देल्ला असन ना? का मुठीत धान देल्लं?"

२००५ साली त्यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला होता हे मी मग सांगितलं नाही. वाद माझ्याच अंगावर आला असता.

परीक्षेच्या दिवशी मी गेलो. पालक म्हणून, असं म्हणा. घरकुलाच्या बाहेर निंबाखाली उभा राहिलो. परीक्षकानं एकेकाकडून ओळंबा धरून घेतला, विटांचा सांधा बघितला. मिस्तरीची पाळी आली तेव्हा विचारलं, "कोपरा काटकोनात आहे हे कसं तपासाल?"

मिस्तरीनं खिशात हात घातला आणि तो तसाच राहिला. सुतळी साइटवर राहिली होती. आठवीतला चेहरा झाला त्याचा, मी निंबाखालून ओळखला. आणि मी, जो तेहतीस वर्षं कॉपी पकडत हिंडलो, ज्यानं पोरांच्या मोज्यांत हात घातले, तो मी भर परीक्षेत खिडकीतून हात घालून बिल्डरच्या खिशातला सुतळीचा गुंडा आत टाकला. परीक्षकानं बघितलं. मी निंबाच्या शेंड्याकडे बघू लागलो.

"ते कोण?" आतून आवाज आला.

"ते बिल्डर हायेत जी," मिस्तरी म्हणाला. "त्यायले काई समजत नाई."

होळीच्या सुमाराला तो घरी आला. हातात पेपरात गुंडाळलेलं काहीतरी होतं. आंघोळ करून, भांग पाडून आलेला मिस्तरी मी पहिल्यांदा बघत होतो. पेपर सोडला तर आत चौकट. काच, सोनेरी पट्टी, मधे प्रमाणपत्र. फ्रेम त्यानं ब्रह्मपुरीहून करून आणली होती.

मी म्हटलं, "शाब्बास!" हिनं साखर आणून हातावर ठेवली.

"एक काम होतं गुर्जी." तो अवघडला. "आमचं घर मातीचं. भितीत खिरा ठोकला का पोपडा येते. कवेलू गरते, पावसारात कागद वाया जाईन. तुमच्याकडं ठेवता का लावून? आमचं घरकुल झालं का नेतो."

ही आधीच खिळ्याकडे बघत होती.

त्यानं चौकट लावली, दोन पावलं मागं आला, एक डोळा मिटला. "डावीकडं दोन सूत खाली हाये." परत गेला, चौकट काढली, खिळ्यावर बोट फिरवलं. "चौकट नाई जी. खिराच वाकडा हाये. कोनं ठोकला हा?"

हिनं मला बोलू दिलं नाही. "ठोकला एकानं," म्हणाली.

मिस्तरीनं खिळा उपटला, उंबरठ्यावर ठेवून सरळ केला आणि दोन टोल्यांत परत ठोकला. तेव्हापासून आमच्या भिंतीवर चौकट आहे. न्हाणीचा उतारही तो जाताजाता बघून गेला आहे. फोडावी लागेल म्हणतो.

गेल्या रविवारी भाच्याचा कॉल आला. मी नेहमीच्या खुर्चीत बसलो होतो. खुर्ची जरा हलवायला पाहिजे होती हे नंतर सुचलं.

"मामा! मागं काय ते? मिळालं? लायसन मिळालं?"

मी काही बोललो नाही. खोटं तर मी अजिबात बोललो नाही.

"ग्रेट, मामा! मामी कुठाय? पेढे वाटले का? नाव वाचता येत नाहीये, जरा जवळ न्या ना फोन."

"न्या की जवळ," ही स्वयंपाकघराच्या दारातून म्हणाली.

"हॅलो?" मी म्हणालो. "हॅलो... आवाज तुटतोय रे तुझा... हॅलो..." आणि फोन पालथा ठेवला. टॉवर त्या वेळी फुल्ल होता.